शिवणकाकू तीनदा बाहेर जाऊन आल्या

मित्रांनो, मी वाचनालयातला एक जुना स्कॅनर आहे. माझ्या झाकणाला तडा गेलाय, दिवा पेटताना मी घसा खाकरल्यासारखा आवाज करतो, पण नजर अजून शाबूत आहे हो!

ज्यांनी मला बनवलं, त्यांनीच काही वर्षांनी माझ्याकडे पाठ फिरवली. नव्या संगणकांना माझी भाषा कळेना. मग इथल्या संगणकताईने सगळ्यांच्या संगणकात एक मुक्त प्रणाली घातली. तिच्या आत कुणीही डोकावावं, सुधारणा करावी. तिथे माझी भाषा जाणणारं कुणीतरी आधीच होतं! मला हायसं वाटलं.

पण सुरुवातीला नुसता बारभाई कारभार. एकाचं काम अर्धं असताना दुसरा माझी मांडणी बदलून ठेवायचा. शेवटी ताईने यादी केली, तिचं नाव 'स्कॅनर गट'. यादीत नाव असेल त्याचंच मी ऐकायचं. मला शिस्त लागली आणि मानही मिळाला.

एका सकाळी शिवणकाकू आल्या. त्यांच्या आईच्या शिवणाच्या वहीला कसर लागली होती. पानं विरण्याआधी त्यांना ती माझ्याकडून उतरवून हवी होती. संगणकात आपलं खातं उघडून त्या बसल्या. मला कामाला लावायला गेल्या, तर पडद्यावर उत्तर आलं, 'परवानगी नाही'.

"गेलं हे खोकं," व्यवस्थापक म्हणाले. "चारला भंगारवाला येतोय, देऊन टाकू."

मी धडधाकट होतो, पण सांगणार कसं?

काकूंनी ताईला फोन लावला. ताईने घरूनच त्यांचं नाव गटात घातलं. "झालं काकू. आता बाहेर पडा आणि परत आत या."

काकूंनी चपला घातल्या, पायऱ्या उतरल्या, परत आल्या. परवानगी नाही! पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी पुन्हा ताईला फोन लावला.

"काकू, धाप का लागलीय तुम्हाला?"

"अगं, तूच म्हणालीस ना बाहेर पडा! आता काय रस्त्यापर्यंत जाऊ?"

ताईला हसू आवरेना. "अहो, तुम्ही नाही, तुमच्या खात्यातून बाहेर पडा! पासवर्ड टाकून आत येताना संगणक यादी बघतो. तुम्ही आधीच आत बसलेल्या. नाव नंतर चढलं, हे त्याला कसं कळणार?"

काकू खात्यातून बाहेर पडल्या, पासवर्ड टाकून आत आल्या. मी घसा खाकरला आणि दिवा पेटवला. पहिल्याच पानावर एका झबल्याची आकृती होती, कडेला आईच्या अक्षरात दोन ओळी. काकूंनी त्या मोठ्याने वाचल्या, "शिवण सैल ठेव. पोर वाढणार आहे." मग त्यांनी हलकेच पुढचं पान माझ्या काचेवर ठेवलं.

चार वाजता भंगारवाला आला. व्यवस्थापकांनी त्याला मोडका पंखा दिला आणि माझ्या झाकणावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली.

मित्रांनो, माझी किल्ली वाटेल त्याच्या हाती देऊ नका, आणि गरजवंताला दाराबाहेर ठेवू नका. पण मी 'नाही' म्हणालो, तर मला मोडका ठरवण्याआधी एकदा बाहेर जाऊन या. पायऱ्या उतरायची गरज नाही!