शकूच्या हातातली सुपली

मी सुपली बोलतेय. हो, तीच, तांदूळ पाखडायची. सुपापेक्षा अंगाने लहान, पण आवाजाने भारी, असं मला विणणारी गोदूबाई बुरडीण म्हणायची.

रोह्याजवळच्या वरसे गावी, तिच्या अंगणात माझा जन्म झाला. तिने मला रोह्याच्या बाजारात आणून ठेवलं, तेव्हा वाटलं होतं, एखाद्या नव्या नवरीच्या घरी जाईन. कसलं काय! मला उचललं ते खाकी साडीतल्या जमादारणीने, चंद्रावतीबाईने. एसटीने पेण, आणि तिथून थेट तुरुंगातल्या बायकांचं अंगण. काही गुन्हा न करता आत आलेली मी एकटीच, असा माझा समज होता. तो फार दिवस टिकला नाही.

दिवसभर बायका माझ्यात तांदूळ पाखडायच्या, वाल निवडायच्या. संध्याकाळी बराकीला कुलूप लागलं की मलाही भांड्यांच्या खोलीत कोंडायचे. सगळ्यांत जुनी कैदी गिरजाबाई. जिभेची तिखट, पण नवी बाई आली की आपल्या ताटातलं आधी तिला वाढायची.

अशीच एक दिवस नागोठण्याची शकू आली. घरातल्या भांडणात दिराचं डोकं फुटलं आणि आळ हिच्यावर आला. खटला अजून उभाच राहायचा होता. ती मधेच छाती धरून बसायची, श्वास वरच्या वर अडकायचा. पहिल्या मुलाखतीला तिची आई काशीबाई नातीला, छोट्या मालूला, घेऊन आली. जाळीपलीकडे लेक दिसली मात्र, शकू श्वास कोंडून खाली कोसळली. पोर किंचाळतच बाहेर गेली.

मग काशीबाईचा निरोप आला, "पोर झोपेत दचकते. अजून एकदा आनीन. तवापन असंच झालं, तर मग नाय आननार गो."

तेव्हापासून शकूला दुसरी चिंताच उरली नाही. आपण पुन्हा घाबरू, या भीतीनेच ती घाबरायची.

पेणच्या शाळेतून निवृत्त झालेल्या रेबेकाबाई दर आठवड्याला यायच्या आणि बायकांना श्वासाचे व्यायाम शिकवायच्या. मोठ्या मायाळू बाई. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या, "समोर नदी आहे. पाणी हळूहळू तुमच्या पायाशी येतंय..."

शकू ताडकन उठली आणि भिंतीला चिकटली. "बाई, नको! पानी नको!"

"अवो, ही नागोठण्याची," गिरजाबाई म्हणाली. "अंबा नदीच्या पुरात घर बुडलं हिचं. पोरीला खांद्यावर घेऊन माळ्यावर बसलेली."

रेबेकाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "चुकलंच माझं. नदी राहू दे. शकू, तुला काय करताना बरं वाटतं?"

शकूने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पाखडताना."

माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

रेबेकाबाई तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या. "मग पाखड. सुपली वर गेली की श्वास घे. खाली आली की सोड, फोलपटं उडवल्यासारखा, पण सावकाश." पहिल्या दिवशी तांदूळ अंगणभर झाले. चंद्रावतीबाई ओरडली, गिरजाबाई हसली, आणि मग शकूसुद्धा हसली. हळूहळू तिचे आखडलेले खांदे उतरायला लागले.

पण भीती यायची ती कुलूप लागल्यावर, आणि तेव्हा मी भांड्यांच्या खोलीत.

"सुपली नसंल तवा काय करू?" शकूने विचारलं.

"हात हायत ना?" गिरजाबाई म्हणाली. "ते कोन कुलपात ठेवतंय?"

मग ती रिकाम्या हातांनी पाखडायला शिकली. कधी जमायचं, कधी नाही. मला थोडा हेवा वाटला, पण बरंही वाटलं.

मुलाखतीची खिडकी आमच्या अंगणासमोरच होती. काशीबाई मालूला घेऊन पुन्हा आली, त्या दिवशी मी गिरजाबाईच्या हातात होते आणि आम्हा दोघींचंही तांदळाकडे लक्ष नव्हतं. मालू आजीच्या पदराआड लपलेली. शकूचे खांदे वर चढले, श्वास अडकला. गेलं सगळं, असं मला वाटलं. तेवढ्यात तिने दोन्ही हात पुढे धरले आणि नुसती हवा पाखडू लागली. वर, खाली. वर, खाली.

पदराआडून तोंड बाहेर आलं. "आये, काय पाखडतेस गो?"

"भीती," शकू म्हणाली. "लय हाय. तूपन धर."

मालूने जाळीपलीकडे आपले इवलेसे हात पुढे केले. गिरजाबाईच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं.

पुढे शकू जामिनावर सुटली. जाताना मला हात लावून गेली, सोबत नेलं नाही. तिला आता माझी गरज नव्हती.

माझी कड उसवलीय, मधली एक पट्टी तुटलीय. चंद्रावतीबाई म्हणते, नवी सुपली आणू, ही चुलीत घाला. पण काल एक बाई आलीय. भिंतीकडे तोंड करून बसते, छाती धरून. बायांनो, मला एवढ्यात जाळू नका. आधी तिच्या हातात द्या.