मुक्ताईचं चालणं

“पाय उचला जरा. फरशी पुसत नाही आहोत आपण,” निशाताई मागे वळूनही न बघता म्हणाल्या.

मुक्ताईने पाय उचलला. बूट नवा होता, पायापेक्षा थोडा मोठाच होता, आणि प्रत्येक पावलाला टाच आतल्या आत घसरत होती. निऱ्या वर खोचलेली साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट शूज अशा थाटात ती बिबवेवाडीतल्या या बागेत पहिल्यांदा आली, तेव्हा आख्खी बाग आपल्यालाच हसतेय असं तिला वाटलं होतं. बागेला तेवढी सवड नव्हती. तिथे येणारा प्रत्येक जण स्वतःच्या पोटाच्या काळजीत होता.

निशाताई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. शाळा सुटली तरी वर्ग घेणं काही सुटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी धापा टाकत बाकावर बसलेल्या मुक्ताईला त्यांनी हाताला धरून उठवलं होतं आणि तेव्हापासून आपल्याबरोबर जुंपलं होतं. आज फेरी संपल्यावर त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सहसा न मिळणारी शाबासकी दिली.

“बारीक दिसताय हो. गालावरचं उतरलंय. असंच चालू ठेवलंत तर दिवाळीपर्यंत ओळखू येणार नाही.”

मुक्ताई कशीबशी हसली, पिशवी उचलली आणि घाईने फाटकाबाहेर पडली.

बागेत हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण मुक्ताई बारीक होण्यासाठी चालत नव्हती. तिचा नवरा उत्तरेश्वर पंप मेकॅनिक होता. अर्ध्या बिबवेवाडीच्या पाण्याच्या मोटारी त्याच्या हाताखालून गेलेल्या. लहानपणी कधीतरी अंगात शिरलेल्या काविळीने गुपचूप त्याचं लिव्हर पोखरलं होतं. आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाबद्दल जो तो हलक्या आवाजात विचारून जाई, “घ्यायचे का हो?” आता नवीन लिव्हर बसवण्यावाचून इलाज नव्हता. भावाला साखरेचा आजार, आई थकलेली, लेक शेफाली अजून नववीत. सगळ्यांत जुळली ती मुक्ताई. फक्त आपल्या पिको-फॉलच्या दुकानात मशीनवर वर्षानुवर्षं बसून तिचं अंग सुटलं होतं आणि तपासणीत तिच्या लिव्हरवरही चरबी निघाली होती.

“रोज चाला, तेल-तूप बंद करा. वजन उतरलं की चरबीही उतरेल. मग तुमच्या लिव्हरचा तुकडा घेता येईल,” डॉक्टर म्हणाले होते. आणि तिने न विचारताच पुढे म्हणाले होते, “देणाऱ्याला धोका कमी असतो. नसतोच असं मात्र मी म्हणणार नाही.”

ते शेवटचं वाक्य मुक्ताईच्या बुटात खड्यासारखं अडकून बसलं होतं. जितकं चालावं तितकं ते ऑपरेशन जवळ येणार. दोघांनाही एकाच दिवशी आत नेणार, आणि बाहेर शेफाली एकटी बसणार. आतून एकच जण परत आला तर? कुणीच नाही आलं तर? हे ती कुणाला बोलली नव्हती. नवऱ्याला जीव द्यायला निघालेल्या बाईचं नातेवाइकांत कौतुक चाललं होतं, आणि कौतुकाच्या माणसाला घाबरायची सोय नसते.

दुकानात पोचायच्या आधी ती कोपऱ्यावरच्या गाडीपाशी थांबली. “एक वडापाव द्या,” असं म्हणताना तिला अजिबात भूक नव्हती. तिने तो उभ्या उभ्या संपवला. दुसऱ्या दिवशी दोन घेतले. तिसऱ्या दिवशी गाडीवाल्याने तिला बघितल्याबरोबर पाव कापायला घेतला. आपण असं का करतोय हे तिला कळत होतं आणि कळू नये म्हणून ती घाईघाईने खात होती.

त्या आठवड्यात एका सकाळी ती दुसरा वडापाव तोंडाशी नेणार, तेवढ्यात समोर उत्तरेश्वर उभा. विसरलेली दुकानाची किल्ली द्यायला तो एवढं अंतर चालत आला होता. डोळे पिवळे, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल, आणि त्यात दम लागलेला. मुक्ताईचा हात तिथेच थांबला. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

तो शेजारच्या पायरीवर टेकला. श्वास खाली बसू दिला.

“गार हुईल. खा,” तो म्हणाला.

“अहो, ते मी...”

“भ्या वाटायलंय नव्हं तुला?”

मुक्ताईने मान खाली घातली.

“मग नको करू. डॉक्टरला सांगू, चाल चाल चालली, पण वजन उतरलंच न्हाई. कोण तुला बोट लावतंय? शरीराचं काय कुणाच्या हातात हाय?”

“आन तुमी?”

“नंबर लावलाय की माझा. लागंल कधीतरी.”

त्या नंबराचं दोघांनाही माहीत होतं. मरणोत्तर दान केलेल्या लिव्हरसाठीची यादी लांब होती आणि उत्तरेश्वरच्या हातात दिवस थोडे होते. तरीही त्याने हे असं सांगितलं, जसं एखाद्या गिऱ्हाइकाला मोटार उद्या बघतो म्हणून सांगावं. मग किल्ली तिच्या हातात ठेवून तो उठला आणि भिंतीच्या आधाराने निघून गेला.

त्यानंतर मुक्ताई बागेत गेली नाही. बूट पलंगाखाली सरकवले. खोटं कशाला बोला, तिला हलकं वाटलं. किती तरी दिवसांनी गाढ झोप लागली, मशीनवर बसल्या बसल्या ती गुणगुणलीसुद्धा. उत्तरेश्वरही खुशीत दिसत होता. तो घरातल्या बारीकसारीक कामांना लागला होता आणि प्रत्येक कामाला तिला हाक मारत होता. गॅसचा रेग्युलेटर अडला तर कुठून दाबायचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घालायचं. कुठला वायरमन फसवत नाही. तीही कौतुकाने बघत होती. आजारी माणसाचं मन रमतंय, एवढंच तिच्या ध्यानात आलं.

रविवारी त्याने तिला इमारतीच्या पार्किंगमध्ये नेलं. पाणी येऊन गेलं होतं, पण टाकी भरली नव्हती. मोटार नुसतीच घुमत होती.

“हवा धरलीय तिनं,” तो म्हणाला. “बंद कर. हा बोल्ट ढिला कर. आता तांब्यानं पाणी वत. बुडबुडे यायचे थांबले की आवळ. आन मग चालू कर.”

“तुमीच करा की. मला कशाला?”

“हात चालंना माझा. कर तू.”

तिने केलं. पान्हा दोनदा निसटला, बोटांना काळं ग्रीस लागलं, पण मोटारीचा आवाज बदलला आणि पाइपात पाणी चढू लागलं. उत्तरेश्वरचा चेहरा उजळला.

“जमलं की. आता कुणाची वाट बघाय नको तुला. ही पोरं लई पैसं मागत्यात, आन येतो म्हणून येत न्हाईत.”

“तुमी हाव की बघायला,” मुक्ताई म्हणाली.

उत्तरेश्वर पान्हा पुसत राहिला. पुसून झाला तरी पुसत राहिला. वर न बघता म्हणाला, “शेफालीला बी शिकवून ठेव.”

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. रेग्युलेटर, बॅटरी, वायरमन. हा माणूस आपल्या मागची सोय लावत होता. आपण सुटलो, या आनंदात ती दिवसच्या दिवस हसत होती, आणि सुटली होती ती एकटीच. ऑपरेशनची भीती तिने रात्रंदिवस उलटून पालटून बघितली होती. ही भीती वेगळीच होती. या पार्किंगमध्ये, याच मोटारीपाशी आपण एकटीनेच वाकून पाणी ओततोय, हे तिला लख्ख दिसलं.

ती तडक वर गेली. पलंगाखालून बूट ओढून काढले आणि ग्रीसच्या हातांनीच नाड्या बांधल्या. ऊन चढलं होतं, बागेचं फाटक बंद झालं होतं. ती बागेच्या बाहेरून, रिक्षा आणि भाजीच्या हातगाड्यांमधून भराभर चालत राहिली. लोक वळून बघत होते. तिला रडू येत होतं आणि थांबायची भीती वाटत होती.

निशाताईंनी दुसऱ्या दिवशी घड्याळ बघितलं. “या. सुट्टी संपली वाटतं,” एवढंच म्हणून त्या चालू लागल्या.

पुढचे काही महिने मुक्ताई चालली. भीती कमी झाली, असं मुळीच नाही. उलट पोटरीतला गोळा सैल होत गेला, दम पुरू लागला, चोळ्या आत घ्याव्या लागल्या, तशी भीती वाढतच गेली. एखादे दिवशी ती फाटकापाशीच थबके. मग ती निशाताईंच्या पाठीकडे बघत पहिली फेरी ओढून काढी. घरी ती हे लपवत नव्हती आता. “आज लई भ्या वाटलं,” असं ती चहा पिताना सांगे, आणि उत्तरेश्वर मान हलवे. “मला बी,” तो म्हणे.

दुसऱ्या तपासणीत लिव्हर स्वच्छ निघालं. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर एका समुपदेशक बाईंनी मुक्ताईला एकटीला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. उत्तरेश्वर बाहेर बाकावर बसला.

“कुणी दबाव आणलाय का तुमच्यावर? सासरच्यांनी? नवऱ्याने?”

“न्हाई.”

“भीती वाटते?”

“वाटती. लई वाटती.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज हळू केला. “तुम्ही आत्ताही नाही म्हणू शकता. आम्ही कारण कुणालाही सांगत नाही. तुमचं लिव्हर चालण्यासारखं नाही, एवढंच बाहेर सांगू. तुम्हाला कुणी दोष देणार नाही. तुमच्या मिस्टरांनाही कधी कळणार नाही.”

मुक्ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदराने कपाळ टिपून म्हणाली, “हे त्यांनीच सांगून बघितलं हो मला. तुमच्या आधी.”

बाईंनी पेन पुन्हा उचललं.

“तुमी लिहा,” मुक्ताई म्हणाली. “माझ्या मनानं देते, असं लिहा.”

ती बाहेर आली तेव्हा उत्तरेश्वर भिंतीला धरून उभा राहिला होता. “काय इचारलं?”

“नाव, गाव. चला.”

त्याला तिने लिफ्टमध्ये चढवलं. गर्दी होती, आणि डॉक्टरांनी तिला ऑपरेशनपर्यंत जिनेच वापरायला सांगितलं होतं. दार मिटलं. कठडा घट्ट धरून ती एकेक पायरी उतरत खाली आली आणि लिफ्टसमोर येऊन उभी राहिली. लिफ्ट अजून वरच होती. मध्येच कुठेतरी थांबली होती. मुक्ताई बंद दाराकडे बघत राहिली, आजूबाजूची माणसं तिला चुकवून जात होती. शेवटी दार उघडलं. आधी एक स्ट्रेचर बाहेर आलं, मग दोन नर्स, मग कुणाचे तरी नातेवाईक. सगळ्यांच्या मागून, कडेचा आधार घेत, उत्तरेश्वर बाहेर आला.