रिबकाची वेणी

"अगं, जरा कसून घालायला सांग तिला. मागच्या रविवारी फोन ठेवायच्या आत सुटली होती," कल्पनाताई मोबाइलमध्ये डोकं खुपसून म्हणाल्या. माधव नगरातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात मोबाइल साखरेच्या डब्याला टेकून उभा होता. पडद्यावर, इस्रायलच्या वाळवंटातल्या दिमोना गावी, रिबका खुर्चीत बसली होती आणि तिच्यामागे उभी राहून अमल तिचे पांढरे केस विंचरत होती. न्हाणीघरात पडल्यापासून रिबकाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. घरकामाला येणारी अमल जवळच्याच अरब वस्तीतली. रविवारच्या या फोनमुळे तिला आता 'चहा', 'बस' आणि 'वेणी' एवढं मराठी येत होतं.

कल्पना आणि रिबका लहानपणी याच शहरात, देवास गेटजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शेजारी होत्या. दोघींचे वडील गार्ड. रिबकाचं घर कोकणातून आलेलं, बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. तिची आई रोज सकाळी दोघींना एकाच स्टुलावर आळीपाळीने बसवायची आणि भरपूर तेल लावून वेण्या घालून द्यायची. पुढे रिबकाचं लग्न झालं आणि लहानग्या डॅनियलला कडेवर घेऊन ती नवऱ्याबरोबर तिकडे निघून गेली. इथं त्यांना कुणी त्रास दिला नव्हता. नवऱ्याच्या मनाने घेतलं, एवढंच.

कल्पनाताई मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या. अरब आणि ज्यू का लढतात, हा धडा त्यांच्या खास आवडीचा. युरोपात ज्यूंना शतकानुशतकं छळलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या देशाचं स्वप्न पाहिलं. पण ज्या भूमीचं पाहिलं तिथं अरब पिढ्यानपिढ्या राहत होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी दोघांनाही आशा लावली. हे सांगताना बाई फळ्याकडे पाठ करायच्या आणि म्हणायच्या, घरमालकाने एकच खोली दोन भाडेकरूंना कबूल केली की काय होईल? मुलींना लगेच समजायचं, आणि बाईंना आपल्या उदाहरणाचा मोठा अभिमान होता.

एकदा हे उदाहरण त्यांनी फोनवर ऐकवलं. रिबका फणकारली. म्हणाली, भाडेकरू काय म्हणतेस, आमच्या पूर्वजांचं घर आहे ते. मग तिने अमलला हिब्रूत सगळं सांगितलं. अमलने दातांत धरलेली पिन काढली आणि हसत काहीतरी बोलली. "काय म्हणते?" कल्पनाताईंनी विचारलं. "म्हणते, आम्हीपण भाडेकरू नव्हतो," रिबका म्हणाली. त्यावर तिघी हसल्या होत्या. तेव्हा हसता येत होतं.

मग तो ऑक्टोबर आला. गाझातून हल्ला झाला, रॉकेट आली आणि त्यातलं एक अमलच्या वस्तीवर पडलं. तिथं लपायला निवारा नव्हता. अमलचा भाचा गेला. त्या रविवारी वेणी झालीच नाही. रिबका आणि अमल हात धरून बसून राहिल्या आणि इकडे कल्पनाताई पदराने डोळे पुसत राहिल्या. मग रोज टीव्हीवर गाझातली पडलेली घरं आणि कफनात गुंडाळलेली मुलं दिसू लागली. कल्पनाताईंना जेवण जाईना. त्यातच रिबकाचा नातू इताय सैन्यात होता.

डिसेंबरात गाझातल्या लढाईत इताय गेला. एकवीस वर्षांचा पोरगा, डॅनियलचा एकुलता एक.

घरात सुतक होतं. अमल भेटायला आली, तर डॅनियलने तिला दारातूनच परत पाठवलं आणि आईला सांगितलं, आजपासून ही बाई आपल्या घरात येणार नाही. रिबकाने कल्पनाताईंना फोन लावला. तिचे केस मोकळेच होते.

"कल्पी, तू तर टीचर होतीस. तू समजव ना त्याला. तुझं ऐकेल तो. अमल नाही आली तर मी कुणाजवळ रडू गं? तिच्याबरोबर रडता येत होतं."

कल्पनाताईंनी होकार दिला. आयुष्यभर जे समजावलं तेच तर समजवायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॅनियलला फोन लावला आणि, देवाने कशी बुद्धी दिली कोण जाणे, सुरुवातीपासून सुरुवात केली. युरोपातला छळ, इंग्रजांची वचनं. लांबच्या जमीनदारांनी विकलेल्या जमिनी, त्यावरून उठवलेली अरब कुळं. हिटलरच्या छळछावण्यांतून वाचून आलेली माणसं. मग त्या भूमीची फाळणी, अठ्ठेचाळीसचं युद्ध. लाखो अरब बेघर झाले आणि नंतर अरब देशांतले ज्यूही. यात अमलचा काय दोष, हे त्यांना शेवटी सांगायचं होतं.

डॅनियलने सगळं ऐकून घेतलं. त्याला मराठी सगळं कळत होतं, बोलताना तेवढा अडखळायचा.

"मावशी, तुम्ही सांगता ते बरोबर असेल," तो म्हणाला. "पण याच्यात माझा इताय कुठे येतो?"

"यात अमलचा काय दोष, एवढंच म्हणते मी," कल्पनाताई घाईघाईने म्हणाल्या.

"अमलने काही नाही केलं. मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण ती दारात उभी राहते ना, तर मला श्वास नाही येत. मी काय करू?"

कल्पनाताईंच्या लक्षात आलं की इतका वेळ बोलून आपण इतायचं नावही घेतलेलं नाही. पोरगं गेलेल्या बापाला आधी रडू द्यायचं असतं, हे कुणालाही कळतं. त्यांना कळलं नाही. त्या म्हणाल्या, "डॅनी, चुकलं रे माझं." त्याने हळूच फोन ठेवला.

अमल परत आली नाही. पुढच्या रविवारी कल्पनाताईंनी भीत भीत म्हटलं, सुनेला सांग ना वेणी घालायला. रिबका म्हणाली, "तिला कशी सांगू? ती स्वतःचे केस नाही विंचरत आता." त्यानंतर दोघींनी तो विषय काढला नाही. रिबका कॅमेरा असा धरायची की फक्त डोळे आणि नाक दिसे.

जुलैमधल्या एका रविवारी तिने मोबाइल पूर्वीसारखा समोर उभा करून ठेवला. डोक्याला रुमाल होता. गाठ हनुवटीखाली होती, जिथवर हात पोचेल तिथं, आणि सैल होती.

"रुमाल का गं?" कल्पनाताईंच्या तोंडून निघून गेलं.

"थंडी आहे," रिबका म्हणाली.

तिच्यामागे पंखा फिरत होता आणि खिडकीत वाळवंटातलं पांढरं ऊन होतं. कल्पनाताई "हो का" म्हणाल्या आणि चहा झाला का, असं विचारलं. उत्तर देता देता रिबकाच्या रुमालाखालून एक बट सुटून खांद्यावर आली. तिने ती डाव्या हाताने आत सरकवली.

"आता ठीक दिसते ना?"

"छान दिसतेस," कल्पनाताई म्हणाल्या.