घट्ट झाकण

“रोज सकाळी एकच काम करून बघत जा. जमलं की नाही, तेवढं मला सांगा,” डॉक्टरीणबाई पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या.

सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, कॉफीच्या बरणीचं झाकण निवडलं. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. नसांच्या आजाराने हातापायांतलं बळ हळूहळू काढून घेतलं होतं. दर महिन्याला इस्पितळात दिवसभर पडून शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन घ्यायचे. हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून ते औषध निघतं, हे कळल्यापासून माझ्या रोजच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठीही दोन शब्द असतात. औषध घेतलं की बाबा जिना चढत. महिना सरत आला की पुन्हा पाय ओढत. झाकण मात्र रोज उघडायचं.

“बघ, अजून रंधा मारीन!”

“आधी कॉफी प्या, मग मारा काय मारायचं ते,” सासूबाई म्हणत.

सहाव्या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “झाकण रोज उघडतंय, म्हणजे हात टिकलाय. कधी कधी आजार आपोआप निवतो आणि औषध उगाच चालू राहतं. अंतर वाढवून बघू.”

अंतर वाढलं आणि बाबा न्हाणीघराच्या दारात कोसळले. तपासताना त्यांना डॉक्टरीणबाईंचं बोटही घट्ट धरवेना.

“मग झाकण कसं उघडता?”

सासूबाईंनी मान खाली घातली. “मीच आधी उठून कोरड्या फडक्याने धरून सैल करून ठेवते. दिवसाची सुरुवात तरी बरी व्हावी यांची.”

“कधीपासून?”

“दोनेक वर्षं झाली असतील.”

बाबा हसले. “म्हणजे मी उघडीच बरणी उघडत होतो!”

औषध पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. पण या वेळी जिना तर दूरच, चमचाही हातातून निसटायचा. “औषध कमी पडतंय की नसाच गेल्यात, आज सांगता येत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.”

त्या संध्याकाळी बाबा सासूबाईंना म्हणाले, “उद्यापासून झाकण घट्ट लावशील?”

“आणि नाही उघडलं तर?”

“नाही तर नाही. पण माझ्यात किती उरलंय, ते मला कळू दे ना गं.”

“बरं.”

“बरं नको. शब्द दे.”

“दिला बाई शब्द!” त्या चिडून म्हणाल्या आणि माझ्याशेजारी प्रार्थनेला येऊन बसल्या. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. मी डोळे मिटले. देवाकडे नेमकं काय मागावं, तेच मला सुचेना.

डोळे उघडले, तेव्हा त्या उठल्या होत्या. कोरडं फडकं हातात घेऊन, पावलं न वाजवता त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या.