एका दमाचा सांधा

थोरल्याची मुलगी लग्न होऊन सासरी गेली, त्याच वर्षी धाकट्याला साथीच्या तापाची लागण झाली. दोघे भाऊ सोनार, एकाच दुकानात एकाच बाकावर बसणारे. धाकटा तेवीस दिवस इस्पितळात नळ्या लावून पडला आणि उठून घरी आला. लोक म्हणाले, जिवावरचं शेपटावर निभावलं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र छातीचा फोटो उजेडासमोर धरला. "ताप गेला. पण फुप्फुसं खालून वाळल्या चामड्यासारखी झालीत. ती पुन्हा मऊ व्हायची नाहीत."

हे त्याने फक्त बायकोला सांगितलं. कारण घरची रीत कडक होती. ज्योतीवर फुंकणी धरून दागिन्याचा सांधा जोडायचा, तो एका दमात. मधे दम तुटला की सांधा निवतो आणि पुढे उकलतो. ज्याला दम नाही त्याने बाकावर बसू नये, असं वडील सांगून गेले होते. शेजारच्या दुकानांत तोंडाने फुंकायला नको अशी गॅसची बत्ती आली, यांच्याकडे नाही.

धाकट्याचा दम तीन मोजेपर्यंत टिके. पहिल्याच आठवड्यात दोन साखळ्या उकलल्या. थोरला नुसतं "हं" म्हणाला.

मग धाकटा काम घरी नेऊ लागला. तो चिमट्यात कडी धरी, बायको फुंके.

"गाल फुगव, पण हसू नकोस."

"तुमचं तोंड बघून हसू येतं, त्याला मी काय करू?"

महिन्याभराने थोरल्याने एक साखळी ताणून पाहिली, मग भिंगाखाली धरली.

"पंचवीस वर्षांत तुझा सांधा इतका साफ आला नव्हता. फुंकतंय कोण?"

धाकटा पुढची कडी चिमट्यात धरू लागला.

"अरे, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"ही फुंकते, दादा. माझ्याच्यानं आता होत नाही." तो दम घ्यायला थांबला. "उठू का बाकावरून?"

"उठून करशील काय? तिला चिमटा धरता येतो का?"

"नाही."

"मग बस. आणि उद्यापासून जरा सरकून बस, तिलाही जागा लागेल."

तेव्हापासून बाकावर तिघं बसत. पुढे पुढे धाकट्याला चार शब्द बोलून थांबावं लागे, पण चिमटा कधी हलला नाही. चौथ्या वर्षी, मार्चच्या नऊ तारखेला सकाळी, तो त्याच फुप्फुसांच्या दुखण्याने वारला. वय एकोणपन्नास.