डावीकडे फिरणारं इंजिन

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो. पिंपळे गुरवच्या एका सोसायटीत, पार्किंगच्या टोकाला धूळ खात उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीच्या पोटात मी राहते. माझ्याकडे फक्त एक मांजर येतं, तेही बॉनेटवर ऊन पडलं तरच.

पूर्वी असं नव्हतं. माझे मालक ज्योतीराम बीडकडून आले, चाकणच्या कारखान्यात लागले आणि कायम झाल्यावर त्यांनी ही गाडी जुन्या बाजारातून घेतली. कंपनीची बस असूनही ते मलाच घेऊन जायचे. सिग्नलला थांबलो की डॅशबोर्डवर थाप मारून विचारायचे, "दमलीस का?" इतर इंजिनांना असं कुणी विचारत असेल असं मला वाटत नाही. मला त्याचा फार तोरा होता.

मग एके दिवशी त्यांना झटका आला आणि ते गेले. तेव्हापासून मी बंद. त्यांच्या पत्नी इंदुताई माझ्याकडे बघायचंच टाळू लागल्या. लेक करिष्मा हिंजवडीला नोकरी करते. तिची कॅब माझ्यासमोरच थांबते. आधी मला राग यायचा. पुढे रागही गेला आणि नुसतं एकटेपण उरलं.

यंदा इंदुताईंनी ठरवून टाकलं, "दसरा झाला की भंगारवाल्याला देऊ. मला बघवत नाही ती गाडी."

करिष्मा म्हणाली, "एकदा चालू करून बघू, आई. नाहीच झाली तर दे."

खंडेनवमी गुरुवारी आली. गुरुवारी इथल्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी, म्हणून इंजिनांच्या कारखान्यात काम करणारा, जुन्या गावठाणातला कुलदीप करिष्माच्या बोलावण्यावरून मला बघायला आला. माझा आतला पट्टा वाळून सैल झाला होता. तो बदलण्याआधी मला हाताने फिरवून खुणा जुळवायच्या होत्या. त्याने पाना लावून उजवीकडे फिरवायला घेतला आणि माझी पाचावर धारण बसली. समोरून बघितलं तर बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्यांसारखी फिरतात. आमचं घराणंच निराळं, आम्ही डावीकडे फिरतो. उलट जोर लागून सैल पट्टा एखादा दात जरी घसरला, तरी आतले भाग एकमेकांवर आदळणार आणि मी कायमची भंगारात जाणार. ओरडावंसं वाटलं, पण बंद इंजिनाला कसला आलाय आवाज!

"नक्की याच बाजूला फिरतं ना?" करिष्माने विचारलं. "बाबा म्हणायचे, ही गाडी उलट्या डोक्याची आहे."

"समदी इंजिनं अशीच फिरत्यात, ताई. आमच्या लाइनवर रोज शेकड्यानं जात्यात," कुलदीप म्हणाला. पण त्याचा हात थांबला. रोज एकाच जातीची इंजिनं बघणाऱ्याची होते तीच चूक त्याची होत होती, आणि ती त्याची त्यालाच जाणवली. "थांबा. प्लग काढून इंजिन हलकं करू, टॉप गिअरमधी टाकू आन् गाडी पुढं ढकलू. चाकं पुढं गेली की इंजिन बी त्याच्या खऱ्या बाजूनंच फिरंल."

इंदुताई यंत्रपूजेचं ताट घेऊन खाली आल्या होत्या. कुलदीप म्हणाला, "काकू, इंजिनासंगं फिरणाऱ्या या पुलीच्या माथ्यावर बी एक टिळा लावा, म्हंजी ती कुठं फिरती ते दिसंल." त्यांनी कुंकू लावलं. टायरात हवा भरली, वॉचमन आणि कुलदीपने मागून रेटा दिला. करिष्मा बॉनेटमध्ये वाकून बघत होती. टिळा हलला आणि हळूहळू डावीकडे उतरला.

"डावीकडे! डावीकडे गेला!" ती ओरडली.

"आयला, ही तर डावरी निघाली!" कुलदीप हसत सुटला. किती दिवसांनी कुणीतरी मला ओळखलं होतं, मित्रांनो. मला रडूच आलं असतं.

नवा पट्टा, नवं ऑइल, नवी बॅटरी घातल्यावर करिष्माने किल्ली फिरवली. मी खोकले, थरथरले आणि सुरू झाले. सगळ्यांना वाटलं, इंदुताई आता ताट घेऊन वर जातील. त्या दार उघडून आत आल्या आणि आपल्या नेहमीच्या सीटवर, लेकीशेजारी बसल्या. थोड्या वेळाने करिष्माचा हात किल्लीकडे गेला.

"बंद करू नको गं," इंदुताई म्हणाल्या. "चालू राहू दे. घरात लई शांत असतंय."

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं आहे. बाकी दिवस मी अजून एकटीच असते, पण दर गुरुवारी इंदुताई येतात, किल्ली फिरवतात आणि नुसत्या बसून राहतात. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी असं बंद पडलं असेल, यंत्र असो वा माणूस. जोर लावण्याआधी ते कुठल्या बाजूने फिरतं एवढं बघा. आणि त्याला फार दिवस बंद ठेवू नका.