बिनखोडीची गाय

गाईच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या नंबराच्या कागदाचं एक टोक सुटलं होतं, ते ती अंगठ्याने दाबत होती आणि सोडलं की ते पुन्हा वर येत होतं... बरंच झालं, हाताला काहीतरी काम होतं. नाहीतर लिलावाच्या रिंगणात हात कुठे ठेवायचे हाही एक प्रश्नच. आजवर ती सासऱ्यांच्या मागे दावं धरून उभी राहायची. आज ते दुखरे गुडघे घेऊन घरी बसले होते, आणि बोलायचं तिलाच होतं.

बोलण्याचीच तर पंचाईत होती. सासऱ्यांची रीत साऱ्या बाजाराला पाठ – बोली सुरू होण्याआधी ते आपणहून जनावराची खोड सांगायचे. हिचा एक सड आखडतो, ही अनोळखी माणसाला लाथ मारते... आणि गंमत म्हणजे खोड ऐकून भाव उतरायच्या ऐवजी चढायचा. कारण म्हाताऱ्याने सांगितली तेवढीच खोड, बाकी जनावर डोळे मिटून घ्यावं, अशी त्यांची पत. शेजाऱ्याची अगदी तसलीच गाय कमी भावात जायची आणि तो दिवसभर चडफडत बसायचा.

आणि या गाईला खोडच नव्हती! सकाळी तिने कास चाचपली, खूर उचलून पाहिले, मुद्दाम कानाशी बादली वाजवली – बया आपली निवांत रवंथ करतेय. एखादी बारीकशी खोड ठोकून द्यावी का?... पावसाला बिचकते म्हणावं, कोण पाऊस पाडून बघणार आहे? खोटं बोलून विश्वास कमवायचा, या विचाराने तिला आधी हसू आलं आणि मग लाज वाटली.

"हं सूनबाई, खोड सांगा," लिलाववाला म्हणाला. कठड्याभोवतीची माणसं पुढे झुकली.

"मला तरी सापडली नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. सासऱ्यांची गाय कधीही न तपासणारा डेअरीवाला चक्क आत आला. त्याने कास दाबली, खूर पाहिले, जबडा उघडून दातही पाहिले. तिची कानशिलं तापली. मग त्यानेच पहिली बोली लावली, आणि बोली चढत चढत एका जागी थांबली – वाईट नव्हती, पण घरून मनात धरलेल्या भावाला काही पोचली नव्हती.

"काका असते तर आणखी चढवली असती," डेअरीवाला हात पुसत म्हणाला. "तुमची पहिलीच वेळ. राग मानू नका हं."

राग यायला हवा होता. पण त्याने दात पाहिले ते काही म्हाताऱ्याच्या शब्दासाठी नव्हे... तपासला तो माझा शब्द, आणि तो खरा निघाला. पुढच्या खेपेला पुन्हा तपासेल. खुशाल तपासू दे.

"देऊ का, सूनबाई?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. इतकी माणसं एका शब्दासाठी खोळंबलीयत – मी खोळंबवलीयत – हे तिला इतकं आवडलं, की हो म्हणायचं की नाही हे अजून ठरलं नव्हतं आणि तरीही तिला अगदी स्वस्थ वाटत होतं.